ओल वजनात धरली का?

चेन्नईत भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावणारी माणसं दोनच प्रकारची. एक सोनं तोलणारी आणि दुसरी सोन्यावर काय बसलंय ते तोलणारी. पहिली उत्तरेला सौकारपेटेत सापडतात, दुसरी दक्षिणेला गिंडी-अड्यार-तरमणीच्या पट्ट्यात. या दोन टोकांच्या मधे उरलेलं चेन्नई पंख्याखाली घाम पुसत बसलेलं असतं. आमच्या नात्यात दोन्ही प्रकार आहेत. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पहिल्या प्रकारात मोडतात आणि त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या. एकाच घरात बाप मिलिग्रॅमसाठी श्वास रोखतो आणि मुलगी नॅनोग्रॅमसाठी. माझ्या बहिणीकडे स्वयंपाकघरात एक साधा काटा आहे. घरात खरं वजन तेवढंच होतं, असं तिचं मत आहे.

दाजींचा धंदा गलाईचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागात पाऊस बेताचा पडतो आणि त्या बेताच्या पावसाने तिथली माणसं देशभर पाठवून दिली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात शिरा, अरुंद जिना चढा, वर आम्लाचा वास आला की खुशाल मराठीत विचारा, ‘विट्याचे का?’ बहुधा आतून चहा येतो. सराफाकडून आलेलं जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून परत द्यायचं, हा व्यवसाय. या लोकांच्यात केर फेकत नाहीत. कारखान्याची धूळसुद्धा वितळवून तिच्यातून सोनं काढतात. दाजींचा काटा काचेच्या पेटीत असतो. तोलताना पंखा बंद, बोलणं बंद आणि पाहुणा असेल तर त्याने दारापाशी उभं राहायचं. जे काट्यावर चढलं नाही ते दाजी खरं मानत नाहीत. माझ्या गोष्टी काट्यावर चढत नाहीत, हे त्यांनी मला लग्नातच सांगितलं होतं. त्यांच्या.

भाची रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. दक्षिण चेन्नईत आयआयटी आहे, अण्णा विद्यापीठ आहे, मद्रास विद्यापीठाचं गिंडीचं आवार आहे, चर्म संशोधन संस्था आहे. त्यांतल्या कुठल्या प्रयोगशाळेत ती बसते, की यांच्याखेरीज आणखी कुठे, हे मी सांगणार नाही, कारण पुढे तिथल्या एसीबद्दल बोलायचंय. मुलगी चेन्नईतच वाढलेली. घरात विट्याची मराठी, रस्त्यावर तमिळ, प्रयोगशाळेत इंग्रजी आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करताना तिन्ही. तिच्या कामाचं नाव काढलं की बहीण म्हणते, ‘काहीतरी वजन करते बाई. दिसत मात्र नाही.’

बहीण बोलली ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ आणि गुंज म्हणजे साधारण 121 मिलिग्रॅम. इथपर्यंत आपले आजोबा पोचले होते. भाची जिथे सुरू होते तो नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एका गुंजेत ते 12 कोटींहून जास्त बसतात. दाजींना हा आकडा सांगितला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘एवढं आम्ही घटीत सोडतो.’

हे वजन ज्याच्यावर होतं त्या यंत्राला क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स म्हणतात, घरगुती नाव क्यूसीएम. नावात मायक्रो आहे आणि मोजतं नॅनो. नावात सांगितलेल्यापेक्षा हजार पट बारीक काम करणारी दुसरी कुठली गोष्ट निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याचा जीव म्हणजे क्वार्ट्झची एक चकती. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, जी लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून आपण उजेड पाडायचो आणि आईचा मार खायचो. मोठेपणी गारगोटीशी खेळून मार न खाणारे पहिले दोघे म्हणजे फ्रान्सचे ज्याक आणि पिएर क्युरी हे भाऊ. 1880 साली त्यांनी दाखवलं की क्वार्ट्झ दाबला की त्याच्यावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी उलटही खरं ठरलं. विद्युतदाब दिला की क्वार्ट्झ आकार बदलतो, म्हणजे हलतो. मनगटावरच्या घड्याळात हीच गारगोटी सेकंदाला 32,768 वेळा हलून आपल्याला उशीर झाल्याचं सांगते.

भाचीची चकती अडीच सेंटिमीटर व्यासाची आणि मिलिमीटरचा एक तृतीयांश जाड. स्फटिकातून ती 35 अंश 15 कलांच्या कोनात कापलेली असते, म्हणजे खोलीच्या तापमानापाशी तिचा ताल फारसा बिघडत नाही. दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा. वीज दिली की तिचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांविरुद्ध आडवे सरकतात, सेकंदाला 50 लाख वेळा. डोळ्यांना काहीही दिसत नाही. चेन्नईत एवढी धावपळ करून घाम न येणारी तीच एकटी.

दाजी एकदा लेकीची प्रयोगशाळा बघायला आले. मीही बरोबर होतो. चकती चिमट्यात धरून भाचीने दाखवली. हात लावू दिला नाही, कारण बोटाचा ठसासुद्धा तिच्या हिशेबात मोठा ऐवज असतो. दाजींनी दुरूनच सोनं बघितलं.

‘जाडी किती ह्याची?’

‘शंभर नॅनोमीटर, पप्पा.’

‘वजनात सांग.’

‘चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅमचा पाचवा भाग.’

दाजींनी मनात गुणाकार केला. एका गुंजेत असं सहाशेच्या वर चौरस सेंटिमीटर मुलाम्याचं काम होईल. मग त्यांनी चकतीची किंमत विचारली. भाचीने सांगितली. दाजींनी चष्मा काढून पुसला आणि व्यवसायातला एकच शब्द उच्चारला, ‘घडणावळ!’

आता ही चकती तराजू कशी होते ते बघा. तिच्यावर काहीही येऊन बसलं की तिचा ताल किंचित मंदावतो. हे रेडिओवाल्यांना पूर्वीपासून माहीत होतं. क्रिस्टलची कंपनसंख्या थोडी उतरवायची असली की ते त्यावर पेन्सिल घासायचे. पेन्सिलीच्या शिशाचं वजन चढलं की आकडा उतरायचा, खोडरबराने पुसलं की परत चढायचा. म्हणजे ज्याला ते दुरुस्ती म्हणत होते ते खरं तर वजन होतं. 1959 साली बर्लिनच्या गुंटर झाउअरब्रे यांनी याचं समीकरण मांडलं. ताल जेवढा उतरतो तेवढं वजन चढलेलं असतं, सरळ प्रमाणात. 50 लाखांच्या चकतीवर एका हर्ट्झची घट म्हणजे चौरस सेंटिमीटरवर 17.7 नॅनोग्रॅम. त्याच 1959 साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने मद्रासला आयआयटी सुरू झाली. जर्मनांनी त्या वर्षी जगाला एक समीकरण दिलं आणि मद्रासला एक संस्था. वजन दोन्हींमुळे कळतं. एकात थराचं, दुसरीत पोराचं.

झाउअरब्रेंच्या समीकरणाला अटी आहेत. वर बसणारा थर पातळ हवा, ताठ हवा, सगळीकडे सारखा हवा आणि घट्ट धरून बसणारा हवा. यातली शेवटची अट सोडली तर आमच्या घराण्यात कुणी पात्र नाही.

असले थर असतात कुठे, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी शांत झालं, असं त्याने 1774 साली छापून ठेवलंय. पुढे जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरची भांडी घासता घासता पाण्यावरच्या तेलकट थराचा अभ्यास केला, स्वयंपाकघरात मोजमापाचं साधन बनवलं आणि लॉर्ड रॅले यांना पत्र धाडलं. 1891 साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. भांडी घासताना विज्ञान घडतं, हे मी बहिणीला सांगितल्यावर तिने माझ्या हातात घासणी दिली. नंतर अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी असा एका रेणूच्या उंचीचा थर पाण्यावरून उचलून काचेवर चढवायची रीत बसवली. लँगम्यूरना 1932 सालचं नोबेल मिळालं. मद्रासमध्ये ही विद्या 1948 सालापासूनच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत रुजली. तिथे अरुणा दत्तात्रेयन यांनी प्रथिनांचे आणि मेदाम्लांचे असे थर कितीतरी वर्षं अभ्यासले, क्यूसीएमसुद्धा वापरून. चामड्याच्या संस्थेला रेणूंची काय पंचाईत, असं दाजींनी विचारलं. पण चामडं म्हणजे कोलॅजेन नावाचं प्रथिन आणि चपलेचा टिकाऊपणा शेवटी त्याला कुठला रेणू किती धरून बसतो यावर ठरतो.

आता हिशेब करू. स्टिअरिक आम्ल म्हणजे चरबीत आणि मेणबत्तीत असतं ते. त्याचा एका रेणूच्या उंचीचा थर, जाडी अडीच नॅनोमीटर. चौरस सेंटिमीटरवर त्याचं वजन भरतं साधारण 236 नॅनोग्रॅम. म्हणजे चकतीचा ताल 50 लाखांतून 13 ने उतरतो. हे 13 स्पष्ट दिसतात. एका रेणूची उंची, डोळ्यांनी, पडद्यावर! मला खरोखर आनंद झाला. भाचीला झाला नाही. ती एसीकडे बघत होती.

कारण चकतीवर पाणी असेल तर तापमान एक अंशाने हललं की ताल साधारण 8 हर्ट्झने हलतो. पाणी तापलं की पातळ होतं आणि चकतीला कमी अडवतं, एवढंच कारण. म्हणजे एसीने दोन अंशांची लहर दाखवली की झाले 16. रेणूंचा अख्खा थर 13 चा आणि एसीची लहर 16 ची. एवढ्या वर्षांचं रसायनशास्त्र एका कंप्रेसरने हरवलं. म्हणून चांगल्या यंत्रांत चकतीभोवतीचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळतात. चकतीला तेवढा थंडावा मिळतो. संशोधक बाहेर उभा राहतो.

शिवाय नुसतं पाणी सोडलं तरी ताल सातशेच्या वर उतरतो. तो आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पडद्यावरची रेघ सरळ झाली की मग खरा प्रयोग. भाचीला घरून फोन आला की संवाद ठरलेला.

‘काय करतेस गं?’

‘रेघ सरळ व्हायची वाट बघतेय.’

‘जेवलीस का?’

‘रेघ सरळ झाली की.’

मे महिन्यात रेघ एसीवर असते, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसावर. उघड्या चकतीवर हवेतली ओल बसते आणि चेन्नईच्या हवेत ओल सोडून दुसरं काही असतं की नाही, याबद्दल मला शंका आहे. नळीतून पाण्याबरोबर एखादा बुडबुडा आला तर रेघ अशी उडी मारते की दोन मिनिटं नोबेल मिळाल्यासारखं वाटतं. मग बुडबुडा जातो आणि नोबेलही.

या तराजूची खरी गंमत इथे आहे. तो किती बसलं ते सांगतो, कोण बसलं ते सांगत नाही. आकडा उतरला एवढं तो बोलतो. उतरवणारा रेणू होता की ओल, बुडबुडा, धूळ, एसी, की कुणी चिमटा नीट पुसला नव्हता, ते तुम्ही शोधा. पीएच.डी.चा बहुतेक काळ संशयितांची निर्दोष सुटका करण्यात जातो. सगळे सुटले आणि आकडा तरीही उतरलेला राहिला, की जो उरला त्याच्या नावाने शोधनिबंध निघतो.

त्यात सोन्याचा स्वभाव आडवा येतो. सोनं कशालाच भुलत नाही, ही सराफांनी पसरवलेली गोष्ट. त्याचं गंधकाशी जमतं. गंधकाचं टोक असलेले रेणू सोन्यावर आपणहून दाटीवाटीने उभे राहतात. 1983 साली अमेरिकेत नुझ्झो आणि अलारा यांनी डायसल्फाइड वापरून हे नीट दाखवलं आणि तेव्हापासून जगभरचे रसायनशास्त्रज्ञ सोन्यावर रेणूंच्या पंगती बसवत आले. आता हिंगाचा जो वास येतो तोही अशाच गंधकवाल्या डायसल्फाइडांचा. चेन्नईत हिंगाशिवाय सांबार नाही आणि सांबाराशिवाय दुपार नाही. प्रयोगशाळेच्या दारावर डबा आत नेऊ नये अशी पाटी आहे. तिच्यामागे स्वच्छतेपेक्षा सांबाराची भीती असावी, असा माझा कयास आहे.

चकती धुवायलाही साबण चालत नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून जे द्रावण होतं त्याचं नावच पिरान्हा. सोन्यावरचं जे काही सेंद्रिय असेल ते खाऊन टाकतं. दाजी नायट्रिक आम्लाने सोन्यातली चांदी काढतात, लेक पिरान्ह्याने सोन्यावरचा मळ काढते. बापलेकीचे कपडे एकाच दोरीवर वाळत असतात आणि दोघांच्याही कपड्यांना आम्लाची भोकं आहेत. बहीण ती एकाच रंगाच्या दोऱ्याने रफू करते.

तर दाजी प्रयोगशाळेत आले त्या दिवशी भाची चकतीवर प्रथिन चढवत होती. रेघ छान सरळ होती. प्रथिन सोडलं, आकडा उतरला, थांबला. तिने समीकरणात घालून वजन सांगितलं. दाजी इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, ‘ह्यात ओल धरलीय का?’

भाची वडिलांकडे बघतच राहिली. कारण तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण याच प्रश्नावर आहे.

प्रथिनाचा थर पाण्यात ताठ नसतो. तो फुगलेला असतो, त्याच्यात पाणी अडकलेलं असतं आणि चकती हलली की ते पाणीही बरोबर हलतं. तराजूच्या लेखी प्रथिन आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी, दोन्ही गिऱ्हाईकच. पुष्कळदा पाण्याचं वजन प्रथिनाइतकं किंवा त्याहून जास्त भरतं. त्यातून थर मऊ असला तर झाउअरब्रेंची अटच मोडते. झोपाळ्यावर मूल आखडून बसलं तर झोपाळ्याच्या तालावर वजनाचा हिशेब लागतो, पण ते लोंबतं, वळवळतं, मागे पडतं झालं की हिशेब फसतो. यावर 1990 च्या दशकात स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात बेंग्ट कासेमो यांच्या गटाने तोडगा काढला. चकतीची वीज मधेच तोडायची आणि तिचं हलणं किती वेळात मरतं ते बघायचं. वर ताठ थर असेल तर ती थोडा वेळ घुमत राहते, मऊ आणि ओला असेल तर लवकर गप्प होते. हा सगळा मामला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत-बाहेरचा. माइक बंद केल्यावर वक्ता किती वेळ बोलतो यावरून त्याची पारख करायची ही रीत आपल्या साहित्य संमेलनांतही आणायला हरकत नाही.

तरी ओल किती ते कळायला दुसरा साक्षीदार लागतोच. तो म्हणजे प्रकाश. पृष्ठभागावरून उजेड परावर्तित करून थर मोजायच्या पद्धतींत प्रथिन दिसतं, त्यात अडकलेलं पाणी जवळपास दिसत नाही. म्हणून चकतीने सांगितलेल्या वजनातून उजेडाने सांगितलेलं वजन वजा करायचं. उरेल ती ओल.

भाची हे समजावत होती आणि दाजी मान डोलवत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे रसायनशास्त्र नव्हतं, सराफ होता. गिऱ्हाईक दागिना आणतं तेव्हा त्यात लाख असते, खडे असतात, मेण असतं, गळ्यातला मळ असतो. काट्यावर चढलेलं सगळंच सोनं नसतं. म्हणून ते आधी वितळवतात, मग बोलतात. लेकीला वितळवता येत नाही, ती उजेड पाडून बघते. धंदा तोच.

जाताना दाजींनी लेकीला एकच सल्ला दिला. ‘पावतीवर ओल वेगळी लिहीत जा.’ तिच्या मार्गदर्शकांनीही तिला हेच सांगितलंय, फक्त इंग्रजीत आणि वर्षभर उशिरा.

हे सगळं नॅनोग्रॅमवाल्यांचं लचांड आहे, आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. तुमच्या चष्म्याच्या काचेवर झगझग कमी करणारा लेप असेल, तर असले लेप निर्वात पेटीत चढवताना त्यांची जाडी बहुधा अशीच एखादी हलणारी चकती मोजत असते. उपग्रहांच्या आरशांवर अवकाशात कसली पुटं चढतात, हे बघायलाही ती वर पाठवतात. आणि सोयाबीन घेऊन बाजार समितीत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला तर या प्रकरणाची ओळखच करून द्यायला नको. हमीभावाने घ्यायच्या मालात ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की काय होतं, हे तो कुठल्याही प्रबंधाशिवाय सांगेल.

म्हणून माझं वाचकांना सांगणं एवढंच आहे. चेन्नईत अशा प्रयोगशाळेत जायचा योग आला तर अत्तर लावू नका, सांबार खाऊन लगेच जाऊ नका, चकतीच्या जवळ बोलू नका आणि एसीच्या रिमोटला हात लावू नका. आकड्यात किती शून्यं आहेत हे बघून दिपून जाऊ नका. वजन नॅनोग्रॅमचं असो, सोन्याचं असो, सोयाबीनचं असो की भाषणातल्या कर्तृत्वाचं, सांगणाऱ्याला आधी ओलीचं विचारा. जो आकडा वेगळा काढून दाखवेल त्याचा काटा खरा.